काय निघालं तर, आक्का?

आक्का, तू गेल्यापासून सकाळी जाग आली की मी आधी छातीवर हात ठेवते. चाललंय का बघते. चाललंय म्हणूनच जाग आली, हे कळतं मला, तरी बघते. मग डाव्या हाताला मुंग्या आल्यात का, खांदा दुखतोय का, कपाळाला घाम आहे का. आमचे हे म्हणतात, "अगं, त्याच कुशीवर झोपलीस, मुंग्या येणारच." मी हसते. हसतानाही लक्ष छातीकडंच असतं.

कशाची भीती वाटली की तुला सांगायचं, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. जांबोटीच्या अलीकडचं आपलं घर. पावसाळ्यात बस आली तर आली. शाळेच्या वाटेवर तो ओढा. तू दप्तरं डोक्यावर घ्यायचीस, माझं मनगट धरायचीस आणि पाण्यात उतरायचीस. "खाली बघू नको गं. माझ्या पाठीकडं बघ." मी तुझी पाठ बघत पलीकडं जायची. आता जी भीती आहे ती तुझ्या जाण्यानं आलेली आहे, आणि ती कुणाला सांगू ते कळत नाही. म्हणून तुलाच सांगतेय.

लोक काय म्हणतात ते तू ऐकलं असतंस तर भांडायला उठली असतीस. दिवसाला आलेल्या बायका माजघरात बसून म्हणत होत्या, "ह्या वयात कुणी सांगितलतं पळायला? पळून पळूनच गेली." मी आत चहा गाळत होते. बाहेर येऊन सांगावंसं वाटलं की त्या दिवशी तू पळाली नव्हतीस. सकाळी पायाला विश्रांती म्हणून घरीच होतीस. दुपारी मेथी निवडत खुर्चीत बसलेलीस, दाजी बँकेत पासबुक भरून आले तेव्हा मांडीवरची मेथी तशीच होती आणि मान एका बाजूला. हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण बाहेर आले आणि कप वाटत गेले.

खरं तर पळणं हे तुझ्या जाण्याचं कारण नव्हतंच, ते औषध होतं. तुझ्या मते तरी.

आप्पा लावणीच्या चिखलात पडले आणि गेले, तेव्हा मी सातवीत होते. झटका आला, एवढंच सगळे म्हणाले. कसला झटका ते कुणी विचारलं नाही. मग इतक्या वर्षांनी आपला भाऊ, विलास. गोव्याच्या गाडीची वाट बघत लोंढ्याच्या फलाटावर उभा होता, हातात चहाचा कप. चाळिशीसुद्धा आली नव्हती त्याची. त्याच्या बाराव्याला सगळ्या बायका आत रडत होत्या आणि तू मला परड्यात बोलावलंस. फणसाखाली उभी राहून म्हणालीस, "सुमे, आता राहिलो आपण दोघी." मला वाटलं तू मला जवळ घेशील. तू नुसतीच माझ्याकडं बघत राहिलीस.

नंतरच्या आठवड्यात तू व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जायला लागलीस. साडीवर, पायात लेकीचे, पल्लवीचे जुने बूट. मग पंजाबी ड्रेस. मग एक दिवस मला फोन, "सुमे, आज त्या मोठ्या झाडापासनं फाटकापर्यंत पळाले. कुत्रं मागं लागलतं म्हणून पळाले, पण पळाले." तू हसत होतीस. विलास गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्याच पळण्याच्या नादाला मलाही लावलंस. मी निपाणीत, तू बेळगावात, मधे सगळा हायवे. पण उजाडायच्या आत तुझा मिस कॉल यायचा. मी उलटा कॉल द्यायचा, म्हणजे उठले. न दिला तर तू खरा फोन लावायचीस आणि मग आमच्या घरातले सगळेच उठायचे. तंबाखूच्या वखारींवरून मी पळत जायची. तो उग्र वास नाकात भरला की बूट बांधल्यासारखं वाटायचं. कुत्र्यांची भीती, उसाच्या ट्रॅक्टरची भीती. दोन-दोन ट्रॉल्या लावून, मोठ्यानं गाणी लावून ते अंगावर येतात तेव्हा रस्त्याच्या कडेला मी देव आठवायची. तू फोनवर म्हणायचीस, "भ्यायला लागलीस की श्वास मोज." मी श्वास मोजायला लागले की आणखी भ्यायची.

मागच्या थंडीत तू दहा किलोमीटर पळालीस. यंदा पावसाच्या तोंडालाच जाहीर केलंस, एकवीस. आणि आमचीही नावं तूच घातलीस, माझं आणि पल्लवीचं. पल्लवीला ऑफिसातनं वेळ मिळत नव्हता, तिला तू उठवून उठवून नेलंस. आईच्या तालमीत पोरगी, असं दाजी म्हणायचे. म्हणताना कौतुक असायचं, पण तू दाराबाहेर पडलीस की तू परत येईपर्यंत ते पेपर उघडून त्याच पानावर बसायचे. हे मला पल्लवीनं आत्ता सांगितलं.

त्या सगळ्या पावसाळ्यात आपण किती भिजलो. दर रविवारी मी पहिली बस धरून यायची. खानापूर रोडला पिरनवाडीच्या पुढं जायचं आणि परत. तुझ्या डोक्याला प्लास्टिकची पिशवी, वर टोपी. येणारे-जाणारे बघायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं सायकल थांबवून विचारलं, "काय झालं, बाई? कुणाला बरं न्हाय काय?" तू पळता पळताच म्हणालीस, "सगळ्यास्नी बरं हाय, मामा. राहू दे म्हणूनच पळायलाव."

आणि गणपतीनंतरचा तो रविवार. आपण आदल्या दिवशी गावाकडं मुक्कामाला गेलतो. सकाळी जांबोटीच्या रस्त्याला लागलो, धुकं इतकं की दहा पावलांवरचं झाड दिसेना. वळणावर तू एकदम थांबलीस आणि हात मागं करून मला अडवलंस. रस्त्याच्या मधोमध गवा उभा होता. आधी मला तो खडकच वाटला. मग त्या खडकानं मान वळवली.

"सुमे, पळू नको," तू हळूच म्हणालीस. "हालू नको. त्याच्या डोळ्यात बघू नको."

तो फुरफुरला. नाकातली वाफ दिसली मला. मी लहानपणीसारखी तुझ्या पाठीकडं बघत राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्यानं आपल्याला सोडून दिलं, म्हणजे नुसतं तोंड फिरवलं आणि उतारावरनं जंगलात गेला. फांद्या मोडल्याचा आवाज लांबपर्यंत येत राहिला.

मी सुटकेनं रडायलाच लागले. आणि तू रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसलीस. बाटलीचं झाकण तुला उघडेना. मी ते उघडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला काहीतरी उघडून दिलं, आक्का.

"मी लई भितो गं, सुमे," तू म्हणालीस.

"गव्याला?"

"गव्याला कोण भीत न्हाय. आप्पाला भितो. विलासला भितो." तू पाणी प्यालीस. "रोज पळायला सुरवात केली की पहिल्यांदा वाटतं, आज. हितंच. पुढच्या खांबापाशी. मग खांब जातो, काय होत न्हाय. मग दुसरा जातो. मग जरा बरं वाटतं."

मी समजत होते की भीती आपल्या घरात सगळी माझ्याच वाट्याला आली.

"मग तपासून घेऊया की," मी म्हटलं. "हृदयाचा एको करूया. दोघी मिळून जाऊ."

"आणि काय निघालं तर?"

"निघालं तर गोळ्या देतील."

"पळू नको म्हणतील. मग मी काय करू, सुमे? दिवसभर खुर्चीत बसून वाट बघू?"

जांबोटीला टपरीवर चहा घेतला तेव्हाही तेच बोलणं चाललं होतं. मी म्हणत होते, ठाऊक असलेलं बरं. तू म्हणत होतीस, ठाऊक झाल्यावर माणूस आधीच निम्मा मरतो. शेवटी तू म्हणालीस, शर्यत झाली की जाऊ. मी म्हटलं, आधी. तू म्हणालीस, "आधी चहा पी, गार व्हायलाय." ते भांडण तिथंच राहिलं. मी रोज ते मनात पुढं चालवते. कधी मी जिंकते, कधी तू. मी जिंकले की जास्त वाईट वाटतं.

दिवाळीनंतर तू राजहंसगडाचा चढ न थांबता चढलीस. वर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. खाली येळ्ळूरची शेतं, भात कापणीला आलेला. तुझा चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. म्हणालीस, "बघ, चढले की." मी तुझा फोटो काढला. तो मला बघवत नाही, आणि पुसवतही नाही. त्यात तू इतकी धडधाकट दिसतेस की कुणालाही खोटं वाटेल.

तुझा राग येतो मला. हे लिहायचं नव्हतं, पण येतो. ओढ्यात हात धरून नेणारी तू, आणि एका डॉक्टरच्या दारात जायला तयार नव्हतीस. मग आठवतं की तू मला पळायला शिकवलंस. निपाणीच्या शाळेत शिकवणारी, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत जाताना धापा टाकणारी मी, मला पंधरा किलोमीटर पळवलंस. हातात हात घेऊन नाही, नुसती पुढं पळत. राग आणि उपकार एकाच ताटात वाढल्यासारखे झालेत, वेगळे करता येत नाहीत.

तुझं कार्य झाल्यावर दाजींनी तुझे बूट धुतले. मागच्या दारी बसून, ब्रशनं, तळव्यातला चिखल काडीनं काढून. उन्हात वाळवले, लेस ओवली आणि कपाटात वर ठेवून दिले. संध्याकाळी पल्लवी म्हणाली, "पप्पा, मी पळणार हाय. मम्मीनं नाव घातलंय माझं."

दाजी म्हणाले, "न्हाय."

"का?"

"न्हाय म्हटलं नव्हं?"

तुला दाजी ठाऊक आहेत. हायस्कुलात क्लार्क म्हणून आयुष्य गेलं, कुणावर आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. "एक गेली तेवढं बास झालं," म्हणाले. पल्लवी म्हणाली, मम्मी पळताना गेली नाही. दाजी म्हणाले, कशानं गेली ते तुला ठाऊक आहे? मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मावशी काय म्हणते.

आक्का, मला त्या क्षणी निपाणीची बस धरून पळून जावंसं वाटलं. पल्लवीकडं बघितलं तर तुझंच कपाळ, तुझीच हनुवटी. आणि आतलं? आत कुणाचं आहे? तुझं, आप्पांचं, विलासचं? मी म्हटलं, "आधी तपासू. मी पण करते. मग ठरवू." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

दवाखान्यात दोघींचे नंबर एकापाठोपाठ लागले. आधी पल्लवी आत गेली. दाजी आणि मी बाहेर बाकावर. दाजी समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होते, लाल-निळं, कापून दाखवलेलं. मग म्हणाले, "त्या बाजूच्या बाकावर बसूया काय?" आम्ही उठून दुसरीकडं बसलो.

मग माझी पाळी. अंधारी खोली, गार जेल, छातीवर ते यंत्र फिरायला लागलं. आणि एकदम माझ्या काळजाचा आवाज खोलीभर घुमला, ओल्या रस्त्यावर कुणीतरी पळाल्यासारखा. मी डोळे मिटले. अंग कापत असावं, कारण त्या तपासणाऱ्या मुलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अंजब्याड्री, अक्का." भिऊ नका, अक्का. कानडी पोरगी, तिच्या तोंडी ते सगळ्यांसाठीच असणार. पण अक्का म्हणून मला कुणी आजवर हाक मारली नव्हती. आपल्या घरात आक्का एकच होती. मी रडायला लागले तर ती म्हणाली, हलू नका, चित्र नीट येत नाही.

डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना एकत्र बसवलं. पल्लवीचं चांगलं आहे म्हणाल्या. आज तरी काही नाही, दर वर्षी दाखवत राहायचं. दाजींनी दोन्ही हात तोंडावर धरले. मग बाईंनी माझा कागद पुढं ओढला. हृदयाची मधली भिंत जाड आहे. फार नाही, पण आहे. घराण्यात चालत येतं हे. वडिलांना, भावाला, बहिणीला तेच असणार, आता खात्रीनं सांगता येणार नाही.

"गोळी सुरू करू," त्या म्हणाल्या. "चाला, रोज चाला. पण शर्यत नाही. चढ पळत चढायचा नाही."

तर हे निघालं, आक्का. तू विचारत होतीस, काय निघालं तर. माझ्यात निघालं. आणि तू सांगितलं होतंस तेच त्या बोलल्या, पळू नका. रविवारी पहाटे पाय दुखतोय म्हणून बहाणे सांगणारी मी, त्या खुर्चीत बसून मला कुणीतरी घरातनं बाहेर काढल्यासारखं वाटलं. तू का येत नव्हतीस ते तेव्हा कळलं. तरी सांगते, यायला पाहिजे होतंस. गोळी बारकी आहे, पांढरी. जेवणानंतर घ्यायची. ती घेतली की दर वेळी मला तुझ्याशी भांडावंसं वाटतं.

शर्यत आज सकाळी झाली. दाजी रात्री म्हणाले होते, मी येणार न्हाय. सकाळी मी आणि पल्लवी निघालो तर मफलर गुंडाळून फाटकापाशी उभे. पल्लवीला सोडून आम्ही काँग्रेस रोडला झाडाखाली जाऊन थांबलो. तिथनं पुढं शेवटचा थोडाच टप्पा. थंडी होती, तोंडातनं वाफ निघत होती. पहिले पळणारे आले, बाणासारखे. मग घोळके. मग तुझ्या वयाच्या दोन बायका, एकीनं नऊवारी नेसली होती. तू असतीस तर तिच्याशी ओळख काढली असतीस.

पल्लवी येईना. दाजी दर थोड्या वेळानं रस्त्यात वाकून बघायचे. मग लांबून अँब्युलन्सचा आवाज आला. आमच्या समोरनं, ज्या बाजूनं ती यायची त्याच बाजूला गेली. दाजींनी माझा दंड धरला. चांगलं आहे म्हणाल्या होत्या, डॉक्टर चांगलं आहे म्हणाल्या होत्या, एवढंच मी मनात म्हणत होते. आप्पांबद्दल, विलासबद्दल, तुझ्याबद्दलही आपण चांगलंच समजत होतो. फोन लावला तर लागेना. मी रस्त्याकडं बघायचं सोडून खाली फुटपाथवर उगवलेल्या गवताकडं बघायला लागले.

"आली," दाजी म्हणाले.

चालत येत होती. एक पाय ओढत, पोटरीत गोळा आलेला. तोंड वेडंवाकडं करून, पण चालत. दाजी दोरीखालनं वाकून रस्त्यात गेले. स्वयंसेवकांनी शिट्टी वाजवली, कुणीतरी "अंकल, अंकल" म्हणून ओरडलं. दाजी तिच्या शेजारनं चालायला लागले, पायात चपला, गळ्यात मफलर. मी पलीकडनं गेले. हळूच, डॉक्टरांनी सांगितलं तसं. तिनं विचारलं, "अँब्युलन्स बघितलीस? एका माणसाला चक्कर आली मागं. बसलाय उठून आता." मी तिच्या चेहऱ्याकडं बघायच्या आधी छातीकडं बघितलं, वर-खाली होतीय का. तिच्या ते लक्षात आलं. तिनं माझा हात घट्ट धरला. शेवटच्या रेषेच्या अलीकडं दाजी थांबले आणि म्हणाले, "जा, पुढं तू एकटी जा." ती शेवटचं थोडं लंगडत लंगडत पळालीच.

आता दुपार झाली आहे. तुझ्या घरीच आहे. पल्लवी जेवून झोपली आहे. आत जाऊन मी दोनदा बघून आले, पांघरूण हलतंय का. तिसऱ्यांदा गेले तर दाराशी दाजी आधीच उभे होते, चौकटीला धरून, श्वास रोखून. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. आम्ही दोघं तिच्या पांघरुणाकडं बघत होतो.

डोळे न उघडता पल्लवी म्हणाली, "जिवंत हाय मी. जावा बघू दोघंबी, झोपू द्या."

दाजींनी दार हळूच ओढून घेतलं. पण पूर्ण नाही लावलं, आक्का. फट ठेवली.